बॅटरी नवी, तरी पहाटे फ्रिज बंद

गेल्या डिसेंबरात गुहागरजवळच्या शृंगारतळीला माझ्या दुकानासमोर पुण्याची एक कॅम्पर व्हॅन येऊन थांबली. जुनी बीएस-४ ट्रॅव्हलर, आतून लाकूडकाम केलेली, दोन बिछाने, बेसिन, पन्नास लिटरचा कंप्रेसर फ्रिज, छतावर शंभर वॅटचं एक पॅनल. नवराबायको दापोली-हर्णै करून दाभोळच्या फेरीबोटीने धोपाव्याला उतरले होते. नवरा खाली आला आणि पहिलंच वाक्य, "काका, शंभर अँपिअरची एजीएम बॅटरी मिळेल का? आमची गेली."

"कशावरून गेली?"

"पहाटे चारला फ्रिज बंद पडतो. दीड वर्षातली ही दुसरी बॅटरी."

एजीएम म्हणजे पाणी घालावं न लागणारी, बंद शिसं-आम्लाची बॅटरी. ती दुकानात होती. विकली असती तर माझे दोन पैसे सुटले असते. पण दीड वर्षात दोन बॅटऱ्या खाणारी गाडी तिसरीही खाणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. म्हटलं, आज रात्री गाडी माझ्या खळ्यात लावा, सकाळी मीटर लावू, मग काय ते ठरवू.

मी तीसेक वर्षं हेच करतोय. आधी मिरकरवाड्यात मामांच्या हाताखाली मच्छीमार बोटींचं वायरिंग, नंतर इथे ट्रक, रिक्षा, ट्रॅव्हल्स. अलीकडे थंडी पडली की या व्हॅना यायला लागतात. तक्रार एकच असते, "चार्जिंग होत नाही", आणि रोगाचं नाव त्यांनी घरूनच ठरवून आणलेलं असतं. मी ज्या क्रमाने बघतो तो क्रम इथे लिहितोय. बहुतेक काम तुम्ही स्वतः करू शकाल. त्या पुण्याच्या ताईंनीच तर सगळं केलं, मी फक्त बोट दाखवत होतो.

मीटर आधी, पाना नंतर

साधा डिजिटल मल्टीमीटर घ्या, महागडा नको. शिवाय एक क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा, पण घेताना डब्यावर नीट वाचा: डीसी करंट मोजणारा हवा. स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात. तसला बॅटरीच्या वायरला लावला की शून्य दाखवतो आणि माणूस समजतो करंटच येत नाही. मीटरमधला सेलही बघा. सेल उतरलेला मीटर सर्रास चुकीचे आकडे दाखवतो, आणि आपण गाडी खोलत बसतो.

हातातली अंगठी, बांगडी, धातूचा पट्टा असलेलं घड्याळ काढून ठेवायचं. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही म्हणून लोक बिनधास्त असतात. पण पाना प्लस आणि बॉडीच्या मध्ये आडवा पडला तर शेकडो अँपिअर जातात, पाना लाल होतो, आणि मध्ये अंगठी असेल तर बोटासकट भाजते. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा. बॅटरी सोडताना मायनस आधी, जोडताना मायनस शेवटी.

आता गाडीत काय काय आहे ते डोक्यात स्पष्ट हवं. बॅटऱ्या दोन. एक सेल्फची, इंजिन चालू करण्यापुरती. दुसरी घरची, म्हणजे दिवे, पंखा, फ्रिज, पाण्याचा पंप. घरच्या बॅटरीला चार्ज तीन वाटांनी येतो: चालत्या गाडीचा अल्टरनेटर, छतावरचं पॅनल, आणि मुक्कामाच्या ठिकाणी प्लग लावला तर चार्जर. पहिला प्रश्न हा की यातली कुठली वाट बंद आहे. एकच बंद असेल तर त्याच वाटेवर शोधायचं. तिन्हीकडून थोडं थोडं कमी पडत असेल तर तिन्ही वाटा जिथे एकत्र येतात तिथे बघायचं, म्हणजे मुख्य फ्यूज, बसबार (सगळ्या वायरी जिथे जोडतात ती धातूची पट्टी), मायनसची जोडणी, नाहीतर खुद्द बॅटरी. एवढा विचार केला तरी अर्धा दिवस वाचतो.

सेल्फ मारायच्या आधीचा आकडा

बॅटरीचा खरा आकडा सकाळी मिळतो. उन्हं पॅनलवर यायच्या आधी, सेल्फ मारायच्या आधी, फ्रिज, इन्व्हर्टर, दिवे सगळं बंद करून. नुकत्याच चार्ज झालेल्या बॅटरीवर वरवरचा व्होल्टेज असतो, तो उतरायला दोन-चार तास लागतात. संध्याकाळी गाडी थांबवून लगेच १३.१ बघितला आणि खूश झालात, तर तो आकडा खोटा.

शिसं-आम्लाच्या बॅटरीत, मग ती पाणी घालायची टुब्युलर असो, एजीएम असो, आरामात असताना १२.७ ते १२.८ म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. १२.२ म्हणजे निम्मी. १२.० च्या खाली गेली तर तुम्ही तिच्या आयुष्यातून खाताय. ताईंनी सकाळी साडेसहाला मीटर लावला: ११.९. रात्री कधीतरी फ्रिजने स्वतःच मान टाकली होती.

लिथियमला, म्हणजे एलएफपी बॅटरीला, हे कोष्टक चालत नाही. तिचा आकडा १३.२-१३.३ वर तासन्‌तास बसून राहतो आणि शेवटी एकदम घसरतो. तिथे व्होल्टेजवरून चार्ज ओळखायला जाऊ नका. मायनसच्या वायरमध्ये शंट, म्हणजे करंट मोजायची पट्टी, बसवलेला मॉनिटरच हवा, आणि शंटच्या पलीकडे, थेट बॅटरीच्या मायनसला, दुसरी एकही वायर जोडलेली नको. नाहीतर तो करंट मोजलाच जात नाही.

इथेच आणखी एक गोष्ट उरकून घ्या. सगळं बंद असताना मायनसच्या वायरला क्लॅम्प लावा. पाव अँपिअरच्या वर काही दिसलं तर कोणीतरी गुपचूप पितंय. बहुतेक वेळा तो इन्व्हर्टर निघतो. काही लावलेलं नसताना नुसता चालू ठेवलेला इन्व्हर्टर सहज एक अँपिअर खातो, म्हणजे दिवसाला चोवीस अँपिअर-अवर. शंभरच्या बॅटरीचा पाव हिस्सा फुकट.

दोन टोकांमधला फरक

हा भाग सावकाश वाचा. ज्या बॅटऱ्या लोकांनी विनाकारण बदलल्या, त्यातल्या बहुतेक इथेच वाचल्या असत्या.

इंजिन चालू करून थोडी रेस ठेवली. सेल्फच्या बॅटरीवर १४.२ व्होल्ट. म्हणजे अल्टरनेटर ठणठणीत. (१३.८ ते १४.४ मध्ये काहीही चालेल. १२ च्या घरातच घुटमळत असेल तर बेल्ट, कार्बन ब्रश, रेग्युलेटर बघा. १५ च्या वर गेला तर गाडी लगेच बंद करा.) मग घरच्या बॅटरीवर मीटर लावला: १२.९. क्लॅम्पवर चार्जिंग करंट ९ अँपिअर.

१४.२ निघाले आणि १२.९ पोचले. मधले १.३ व्होल्ट गेले कुठे?

ज्यांनी आगरात पोफळींना शिंपणं केलंय त्यांना हे लगेच कळेल. पंप चालू आहे, शेवटची तोटी बंद आहे, तर पाइपात सगळीकडे दाब सारखाच. मध्ये कुठे पाला अडकलाय ते दिसतच नाही. तोटी उघडा, पाणी वाहू द्या, मग कळतं की अमुक सांध्याच्या अलीकडे फुगलाय आणि पलीकडे धार करंगळीएवढी. वायरचंही तसंच. करंट वाहत नसताना सडलेल्या सांध्यातूनही पूर्ण व्होल्टेज दिसतो. म्हणून हे माप नेहमी चार्जिंग चालू असतानाच घ्यायचं. घरची बॅटरी भरलेली असेल तर आधी तासभर पंखा-फ्रिज चालवून ती थोडी रिकामी करा, नाहीतर ती करंट ओढणारच नाही.

माप असं. मीटर डीसी व्होल्टवर. लाल काडी सेल्फच्या बॅटरीच्या प्लसवर, काळी काडी घरच्या बॅटरीच्या प्लसवर. दोन्ही प्लसवरच, चुकून नाही. लांब पडतं, म्हणून मी दोन मीटर लांबीच्या वायरला दोन क्लिपा लावून ठेवल्यात. मीटर दाखवतो तो त्या वाटेवर सांडलेला व्होल्टेज. ताईंच्या गाडीत ०.२ आला. मग तसंच दोन्ही मायनसच्या मध्ये: १.१.

"काका, प्लस-मायनस मिळून एक पॉइंट तीन!" ताई म्हणाल्या. हिशेब चोख जमला. चोर मायनसकडे होता.

आता वाट तुकड्यांत मोजायची. घरच्या बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला बोल्ट केलेल्या लगपर्यंत (लग म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवलेली भोकाची धातूची पट्टी), लगपासून शेजारच्या खरवडलेल्या पत्र्यापर्यंत, पत्र्यापासून इंजिनच्या अर्थ पट्टीपर्यंत, पट्टीपासून सेल्फच्या बॅटरीपर्यंत. वायरच्या दोन टोकांत काहीच नाही, आणि लग ते पत्रा या बोटभर जागेत पूर्ण एक व्होल्ट. ९ अँपिअर गुणिले एक व्होल्ट म्हणजे ९ वॅट. तेवढी उष्णता त्या एका बोल्टवर. मी बोटाची मागची बाजू टेकवली, कपाळाला ताप असावा तसा कोमट लागला.

बोल्ट होता सरकत्या दरवाज्याच्या पायरीखाली. चाकाने उडणारं सगळं पाणी तिथेच बसतं, आणि यांनी हर्णैला गाडी थेट वाळूवर नेली होती. सोडून बघितलं तर लग सरळ रंगावर आवळलेला. ज्याने गाडी बांधली त्याने रंग खरवडलाच नव्हता. नवीन असताना बोल्टच्या आट्यांमधून काम भागत होतं. मग आटे गंजले.

फ्यूज आणि रिलेलाही (दोन बॅटऱ्या आपोआप जोडणारा-सोडणारा स्विच) हीच परीक्षा. चालू करंटमध्ये फ्यूजच्या दोन टोकांत ०.१ च्या वर काही येत असेल तर फ्यूज उडालेला नसूनही खराब आहे, किंवा त्याचे बोल्ट सैल आहेत. प्लास्टिक पिवळं पडलेलं, वाकलेलं दिसतं. नाकाने सुद्धा कळतं.

माझी बॅटरी, माझी चूक

हे मला शहाणपणाने नाही, फजितीने कळलं. दुकान टाकलं त्या पहिल्या वर्षी एका बोटवाल्या तांडेलाच्या केबिनचे दिवे मंद होत होते. मी मीटर लावला, बॅटरीवर ११.८ दिसले, म्हटलं बॅटरी गेली. त्याने उधारीवर नवी घेतली. पंधरा दिवसांनी परत तेच. मामांना बोलावलं. त्यांनी इंजिन चालू ठेवून दोन मायनसच्या मध्ये काड्या टेकवल्या आणि माझ्याकडे नुसतं बघितलं. फळीमागे एक लग सडला होता. तांडेल एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी उलट बांगडा मासळीची पिशवी घेऊन आला. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

खारं वारं तांब्याला काय करतं

घाटावरून आलेल्या माणसाला वाटतं, वायरवर इन्सुलेशन आहे, आत काय होणार? एकदा जुन्या बोटीतली वायर लगपासून वीतभर उभी चिरून बघा. टोकाला तांबं हिरवट, भुसभुशीत. पुढे चार बोटं काळं. त्यापुढे चॉकलेटी. वीतभर गेल्यावर कुठे खरा तांब्याचा रंग लागतो. खारा ओलावा बारीक तारांच्या मधून वातीत तेल चढावं तसा आत चढत जातो. बाहेरून वायर नवी कोरी. काळ्या झालेल्या तारांवर नवा लग दाबला तर तो महिनाभर चालतो आणि पुन्हा तेच रडगाणं.

म्हणून तांबं लखलखीत लागेपर्यंत कापत जायचं. वायर आखूड पडली तर पूर्ण बदलायची, मध्ये पीळ मारून टेप गुंडाळायची नाही. शक्य असेल तिथे टिन केलेली, म्हणजे कल्हई असावी तशी चंदेरी दिसणारी तांब्याची वायर घ्या. बोटींना तीच लागते. बोटीचं सामान विकणाऱ्या दुकानात विचारा. लग हातोडीने ठोकून बसवायचा नाही, क्रिम्पिंगच्या पक्कडीने दाबायचा. वरून आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी, गरम केल्यावर टोकाला गोंदाचा थेंब दिसला पाहिजे. बॉडीवर जोडताना नाण्याएवढा पत्रा चकचकीत करा, स्टार वॉशर टाका, आवळा, आणि आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिनचा जाड थर. आमच्याकडे पूर्वी लोक टर्मिनलला ग्रीस थापायचे. व्हॅसलिन बरं, स्वच्छ राहतं.

ताईंच्या गाडीला मी बॉडीवर भरवसाच ठेवला नाही. घरच्या बॅटरीच्या मायनसपासून सेल्फच्या बॅटरीच्या मायनसपर्यंत वेगळी केबल टाकली. पुन्हा इंजिन चालू: करंट ९ वरून २८ अँपिअर, घरच्या बॅटरीवर १३.४. बॅटरी तीच, अल्टरनेटर तोच.

आता मात्र प्लसच्या वाटेवर ०.६ दिसायला लागला. घाबरायचं कारण नाही, करंट तिप्पट झाला की सांडणंही तिप्पट. पण यावरून कळलं की प्लसची १० स्क्वेअर एमएमची केबल कमी पडतेय. अंदाजासाठी सांगतो: ३० अँपिअर करंट, जाऊन-येऊन बारा मीटर वायर. ६ स्क्वेअर एमएम वापरली तर जवळजवळ १.२ व्होल्ट वायरमध्येच जातात, १६ मध्ये ०.४ च्या आसपास, २५ मध्ये पाव व्होल्टच्या थोडं वर. केबल महाग वाटते, पण बॅटरीपेक्षा स्वस्त. आणि केबल जाड केली तरी फ्यूज विसरायचा नाही. दोन्ही बॅटऱ्यांपाशी, प्लसपासून वीतभर अंतरात एकेक.

बीएस-६ गाडी असेल तर

नव्या गाड्यांचा अल्टरनेटर हुशार असतो. सेल्फची बॅटरी भरली की इंधन वाचवायला तो व्होल्टेज मुद्दाम साडेबाराच्या आसपास आणतो. अशा गाडीत जुन्या पद्धतीचा व्होल्टेजवर चालणारा रिले टाकला तर तो साधारण १३.३ ला जोडतो, १२.८ ला सोडतो आणि रस्ताभर टक्‌-टक्‌ करत बसतो. दोष कशातच नाही, जोडीच चुकलीय. तिथे डीसी-टू-डीसी चार्जर, म्हणजे अल्टरनेटरचा व्होल्टेज घरच्या बॅटरीला हवा तेवढा करून देणारा डबा, लागतो, आणि त्याला इग्निशनची बारीक वायर जोडलेली असावी लागते. "डीसी चार्जर चालत नाही" म्हणून आलेल्या गाड्यांत मी आधी ती बारीक वायर ओढून बघतो. बऱ्याचदा हातात येते.

लिथियम बॅटरी तर कुठल्याच गाडीत नुसत्या रिलेवर लावू नका. ती एवढा करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो, विशेषतः घाटात, इंजिन गरम आणि गाडी हळू असताना.

छतावरचं ऊन, माडाची सावली

रात्री माझ्या खळ्यात लावलेल्या गाडीच्या पॅनलवर सकाळी नऊपर्यंत माडाची सावली होती. नवरा म्हणाला, "थोडीशीच तर आहे." पॅनलमधले सेल एकामागे एक साखळीने जोडलेले असतात. एका झावळीची सावली एका ओळीवर पडली की ती अख्खी ओळ बसते, निम्मं पॅनल गेलं म्हणा. किनाऱ्यावर सावलीत गाडी लावायचा मोह कोणाला होत नाही? पण मग पॅनलकडून अपेक्षा ठेवू नका. आणि माडाखाली गाडी लावणाराने नारळाचाही विचार करावा, पॅनलची काच काही हेल्मेट नाही.

दुपारी स्वच्छ उन्हात कंट्रोलरवर, म्हणजे पॅनल आणि बॅटरीच्या मधल्या डब्यावर, आकडा बघा. शंभर वॅटचं सपाट ठेवलेलं पॅनल बारा व्होल्टच्या बॅटरीत पाच अँपिअर टाकत असेल तर उत्तम. एक-दीडच येत असेल, आणि बॅटरी भरलेली नसेल, तर पॅनल सोडून त्याचा उघडा व्होल्टेज मोजा. साध्या बारा व्होल्टच्या पॅनलवर वीसच्या आसपास यायला हवा. व्होल्टेज बरोबर पण करंट नाही, तर बहुधा जोडणीत खार शिरलाय किंवा काच मळलीय. समुद्रकाठी चार दिवस उभ्या गाडीच्या काचेवर बोट फिरवून जिभेला लावा, खारट लागतं. सकाळी काच गार असताना गोड्या पाण्याने धुवायची, भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही.

क्रम लक्षात ठेवा: सोडताना आधी पॅनल, मग बॅटरी. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. उलट केलं तर काही कंट्रोलर तिथल्या तिथे मरतात. आणि पॅनलचे प्लग करंट वाहत असताना उपटायचे नाहीत, ठिणगी पडते. वर चादर टाका, मग सोडा.

कंट्रोलर उघडून बसलाच आहात तर त्यात बॅटरीचा प्रकार कुठला लावलाय तेही बघा. बॅटरी बदलतात, सेटिंग कोणी बदलत नाही. एजीएम आणि लिथियमला १४.२ ते १४.६ च्या आसपास पुरतं. पाण्याच्या बॅटरीची सेटिंग राहिली असेल तर मधूनमधून तो पंधराच्या वर नेतो, लिथियमचा बीएमएस (बॅटरीला आतून सांभाळणारं सर्किट) दार लावून घेतो, आणि मालक म्हणतो पॅनल चार्ज करत नाही.

आता हिशेब, कारण बऱ्याच गाड्यांत खराब काहीच नसतं. डिसेंबरच्या स्वच्छ दिवशी शंभर वॅटचं पॅनल पंचवीस-तीस अँपिअर-अवर देतं. कोकणातल्या दमट उकाड्यात पन्नास लिटरचा फ्रिज दिवसाला चाळीसच्या घरात खातो. पंखा, दिवे, मोबाइल वेगळे. पावसाळ्यात तर पॅनलचं उत्पन्न आणखी घटतं, दाट आभाळात फारच खाली. मग बॅटरी रोज थोडी थोडी रिकामी होत जाते, कधीच पूर्ण भरत नाही, प्लेटांवर सल्फेट कडक होतं, आणि दोन मोसमांत बॅटरी खलास. ताईंच्या पहिल्या बॅटरीचं हेच झालं असणार. मी त्यांना दुसरं पॅनल लावायला सांगितलं.

एक बारीक गोष्ट राहिली. फ्रिजची स्वतःचीच कमी व्होल्टेजला बंद व्हायची सेटिंग असते. फ्रिजला गेलेली वायर बारीक असेल तर कंप्रेसर सुरू होताना फ्रिजपाशी व्होल्टेज कोसळतो आणि तो बंद होतो, बॅटरीत जीव असूनही. फ्रिज चालू होण्याच्या क्षणी त्याच्या प्लगपाशी आणि बॅटरीवर, दोन्हीकडे मोजा. अर्ध्या व्होल्टचा फरक म्हणजे वायर बदला.

पाण्याची बॅटरी

घरच्या इन्व्हर्टरची टुब्युलर बॅटरी व्हॅनमध्ये टाकणारेही आहेत. मला पसंत नाही, घाटाच्या वळणांवर ॲसिड सांडतं आणि चार्ज होताना हायड्रोजन सुटतो. पण असेलच तर खिडकी उघडी ठेवा, जवळ काडी ओढू नका, आणि ॲसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर घ्या. सहाही सेल मोजा. पाच १.२४० आणि एक १.१५०, तर ती बॅटरी खरंच गेली. इथे मी आनंदाने नवी विकतो. पाणी डिस्टिल्डच. आमच्या जांभ्याच्या विहिरीच्या पाण्यात लोह असतं, ते बॅटरीला विष. सांडलेल्या ॲसिडवर खाण्याच्या सोड्याचं पाणी ओता, फसफस थांबेपर्यंत.

लिथियम झोपतं तेव्हा

लिथियमच्या टर्मिनलवर शून्य किंवा दोन-तीन व्होल्ट दिसले तर ती मेली असं समजू नका. आतल्या बीएमएसने स्वतःला तोडून घेतलंय. लिथियम उठवायची सोय असलेला चार्जर लावला की बहुतेक वेळा जागी होते. का झोपली ते मात्र शोधा. आमच्याकडे एक कारण नेहमीचं, उकाडा. अशा बॅटऱ्यांना चार्जिंगची मर्यादा साधारण ४५ ते ५५ अंशांची असते. मे महिन्यात बंद गाडीत, सीटखाली, वारा नसलेल्या खोक्यात तेवढं तापमान सहज होतं. रात्री चार्ज होते आणि दुपारी होत नाही, तर हेच.

घरगुती प्लग

होमस्टेच्या प्लगवर चार्जर चालत नसेल तर आधी प्लगचा व्होल्टेज बघा. संध्याकाळी आडगावात १८० सुद्धा मिळतात, आणि कित्येक चार्जर त्यावर दिवाच लावत नाहीत. पंचवीस मीटरची बारीक एक्स्टेन्शन गुंडाळलेल्या स्थितीत वापरायची नाही, तापते. जांभ्यात अर्थिंग नीट लागत नाही, त्यामुळे गाडीच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर प्लग काढा आणि परवानाधारक वायरमनला बोलवा. २३० व्होल्टमध्ये हे स्वतः शोधायचं काम नाही.

एका साहेबांनी चार्जर गाडीच्याच इन्व्हर्टरच्या सॉकेटमध्ये लावला होता. बॅटरी इन्व्हर्टरला देतेय, इन्व्हर्टर चार्जरला, चार्जर बॅटरीला. तीन दिवस ते "चार्जिंग चालू आहे" म्हणून दिवा बघत होते. हसू नका, अंधारात दोन सॉकेट सारखेच दिसतात.

ताईंची बॅटरी मी रात्रभर दुकानातल्या चार्जरवर १४.६ ला लावून पूर्ण भरली. दुसऱ्या दिवशी हेडलाइटचे दोन बल्ब जोडले, नऊ-एक अँपिअर. दोन तासांनी लोडखाली १२.३. एवढं टिकलं म्हणजे वर्षभर तरी काढेल. बिल केबल, लग आणि मजुरीचं झालं. नवी बॅटरी दुकानातच राहिली, पुढे एका रिक्षावाल्याच्या मेव्हण्याने घरच्या दिव्यांसाठी नेली.

ते पुढे हेदवीवरून तवसाळच्या फेरीबोटीने जयगडला गेले. दोन दिवसांनी ताईंचा मेसेज आला, आरे-वारेच्या फोटोसकट: "काका, १२.९! फ्रिज रात्रभर चालू!"

मी विचारलं, "सेल्फ मारायच्या आधीचा ना?"

बराच वेळ उत्तर नाही. मग आलं: "नाही, नऊ वाजता घेतला. ऊन आलं होतं."

"मग उद्या साडेसहाला परत घ्या."

दुसऱ्या दिवशी सहा बत्तीसला फोटो आला. मागे अंधार, मीटरच्या पडद्यावर १२.५.